नळदुर्गचा हवालदार आणि ‘शत्रू’ हा शब्द

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या जिल्ह्यात ध्वजवंदन होते, हुतात्म्यांचे स्मरण होते, भाषणे होतात. या भाषणांत हवालदार बचित्तरसिंग यांचे नाव क्वचितच ऐकू येते. लुधियाना जिल्ह्यातील या जवानाने आपल्याच भूमीवर प्राण ठेवला आणि त्याच्या मरणात एक असा प्रश्न दडलेला आहे, ज्याचे उत्तर धाराशिवने अद्याप दिलेले नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या सेनापतित्वाखाली भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरल्या. सातव्या ब्रिगेडने बोरी नदीवरील पूल शाबूत हस्तगत केला. नळदुर्ग निजामाच्या पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीच्या ताब्यात होते. तिच्यावर शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने चढाई केली. बचित्तरसिंग या पलटणीत होते. मशीनगनच्या ठाण्यावर चाल करताना त्यांच्या मांडीत गोळ्या घुसल्या. तशाही स्थितीत ते सरपटत पुढे गेले, हातबॉम्ब फेकून त्यांनी ते ठाणे गप्प केले, मागे जाण्यास नकार दिला आणि तेथेच देह ठेवला. पुढे अशोकचक्राच्या पहिल्या मानकऱ्यांत त्यांची मरणोत्तर गणना झाली.

हे पदक नीट पाहिले पाहिजे. काश्मीरच्या रणांगणावर १९४७ साली पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मांना परमवीरचक्र मिळाले. नळदुर्गच्या हवालदाराला मिळाले अशोकचक्र. परमवीरचक्र हे शत्रूसमोर गाजविलेल्या शौर्यासाठी असते, तर अशोकचक्र अन्य प्रसंगीच्या शौर्यासाठी. म्हणजे ज्याच्या गोळीने बचित्तरसिंग पडले, त्याला भारत सरकारने ‘शत्रू’ म्हटले नाही. तो उद्याचा नागरिक होता. ‘पोलीस कारवाई’ हे नाव राजनैतिक सोयीसाठी घेतले गेले असेल. तरी त्यातून निघणारे हे तत्त्व मोठे आहे. ते घरचे युद्ध होते, आणि घरच्या युद्धात जिंकणाऱ्याची जबाबदारी हरणाऱ्यापर्यंत पोहोचते.

दोन्ही बाजूंना स्वयंसेवक होते. स्टेट काँग्रेसचे तरुण सरहद्दीवरील कॅम्पांतून शस्त्र घेऊन लढत होते. ‘रझाकार’ या शब्दाचा अर्थही स्वयंसेवक असाच. त्यांचा नेता कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होते. रझाकारांनी केलेली लूट, जाळपोळ व खून यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. रझाकारी ही सरंजामशाही वाचविण्यासाठी धर्माच्या नावाने उभारलेली फौज होती. ज्या राज्यातील सुमारे चाळीस टक्के जमीन जहागिरी आणि निजामाच्या खासगी सर्फेखासात अडकली होती, तेथे गरीब मुसलमानाला ‘तूच राज्यकर्ता’ असे सांगून बंदूक देणे ही धूर्त राजनीती होती.

परंतु निजामाची शरणागती झाल्यानंतर काय घडले? पंडित नेहरूंनी पाठविलेल्या पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार व मौलाना अब्दुल्ला मिस्री यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस राज्याचा दौरा केला. कारवाईच्या काळात आणि त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे होती. मारले गेलेले बहुसंख्य मुसलमान होते. समितीने रझाकारांचे अत्याचारही लपविले नाहीत. हा अहवाल मात्र वर्षानुवर्षे सरकारी दप्तरात पडून राहिला.

त्याच अहवालातील एक नोंद आपल्या चळवळीने जपून ठेवावी अशी आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, आणि ते करताना स्वतःचे प्राणही गमावले. या विणकरांना मागाने शिकविले होते की शेजारी बसणारा हा आपल्यासारखाच पोटासाठी राबणारा आहे. वर्गीय बंधुभाव म्हणजे पुस्तकातील कल्पना नव्हे, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आणि हिशेब कोणाचा चुकता झाला? रझवी तुरुंगात गेला आणि १९५७ साली सुटून पाकिस्तानात निघून गेला. निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत राजप्रमुख होता. त्याला वर्षाला पन्नास लाख रुपयांचा तनखा मिळाला. १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, पण जहागीरदारांना भरपाई मिळाली. किंमत मोजली ती रझाकारांनी लुटलेल्या शेतकऱ्याने, नळदुर्गच्या हवालदाराने, आणि ज्याचा दोष एवढाच की तो मुसलमान होता अशा तेल्या-विणकराने.

हे बोलणे म्हणजे मुक्तिसंग्रामाचा अवमान, असे काहीजण म्हणतील. वस्तुतः तो लढा सरंजामशाहीविरुद्ध होता. त्याला धर्मयुद्ध ठरविणारेच त्याचा अवमान करतात. २०२३ साली जिल्ह्याचे नाव बदलले. नावे बदलतात, स्मृती प्रामाणिक असावी लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना एकच सूचना. येत्या १७ सप्टेंबरला नळदुर्गला जमा. बचित्तरसिंगांना अभिवादन करा, मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांची नावे घ्या, आणि त्याच व्यासपीठावरून सुंदरलाल अहवालातील आपल्या जिल्ह्याविषयीची पाने मोठ्याने वाचा. ज्या सरकारने लढाईत समोरच्याला शत्रू म्हटले नाही, त्याच्या नागरिकांनी शांततेच्या काळात शेजाऱ्याला शत्रू म्हणू नये.