नव्या कराराचा सेवक म्हणजे पंक्तीतला वाढपी

चर्चमधला सेवक कोण आणि त्याने काय करायचे, हा प्रश्न आपल्या देशात धर्मशास्त्राचा कमी आणि जातीचा जास्त आहे. मी अहमदनगर जिल्ह्यातल्या एका मातंग ख्रिस्ती घरातली पहिली पदवीधर. ‘नवा करार’ हा शब्द रविवारच्या शाळेपासून ऐकत आले. पुष्कळांना ते बायबलच्या दुसऱ्या भागाचे नुसते नाव वाटते. पण करार म्हटला की अटी आल्या, आणि या अटी नीट वाचल्या तर आपल्या चर्चमधल्या अनेक मानकऱ्यांची अडचण होईल.

जुन्या करारात याजकपण जन्माने मिळे. लेवीच्या वंशातले लोक मंदिराची सेवा करत आणि त्यातल्या अहरोनाच्या घराण्यातलेच याजक होत. लेवी म्हणजे ब्राह्मण, असे सोपे समीकरण मी मांडत नाही. लेवींना इतर वंशांसारखा जमिनीचा वाटाही नव्हता. पण पद जन्मावर ठरत होते, हे खरे. येशू मात्र यहूदा वंशातला. ज्या वंशातल्या कोणी कधी वेदीची सेवा केली नाही, त्यातला माणूस प्रमुख याजक झाला, तेव्हा नियमच बदलला, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र मांडते. त्याआधी यिर्मयाने नव्या कराराची जी कल्पना सांगितली, तिच्यात लहानथोर सगळेच देवाला ओळखणार होते. ज्ञानाची मक्तेदारी कोणाकडे उरणार नव्हती. यिर्मया स्वतः याजकांच्या घरात जन्मलेला होता, हे विशेष.

करिंथच्या मंडळीत शिफारसपत्रांचा प्रश्न निघाला, तेव्हा पौलाने ती माणसेच आपले पत्र आहेत असे उत्तर दिले. तिथेच तो स्वतःला नव्या कराराचा सेवक म्हणवतो. त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘दियाकोनोस’. पंक्तीत वाढणाऱ्यालाही हाच शब्द होता. त्याचे वजन आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. कोणाच्या हातचे खायचे, कोणाच्या हातचे पाणी चालत नाही, यावर तर जात उभी आहे. वाढपी कोण आणि पंक्तीत कोणाशेजारी कोण बसतो, हीच नव्या कराराची भारतातली परीक्षा.

या परीक्षेत चर्च अनेकदा नापास झाले आहे. रॉबर्ट दी नोबिली १६०६ मध्ये मदुराईला आला. पुढे त्या मिशनमध्ये उच्च जातींसाठी वेगळे आणि खालच्या मानलेल्या जातींसाठी वेगळे मिशनरी ठेवले गेले. बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये चर्चमधली जात बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तमिळ भागातल्या अनेक वेल्लाळ ख्रिस्ती लोकांनी त्याला विरोध केला. तिरुचिरापल्लीच्या एका ख्रिस्ती दफनभूमीत तर मेलेल्यांमध्येही भिंत उभी राहिली. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ च्या दलित सक्षमीकरण धोरणात चर्चमधला जातिभेद मान्य केला. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडले.

आता राज्यसंस्थेकडे बघू. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्रा आयोगाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून वेगळा करण्याची शिफारस केली, तरीही. याला माझा विरोध आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावातला वाडा बदलत नाही आणि आडनाव ऐकून चेहरा बदलणारा मालकही बदलत नाही.

विरोधक विचारतात, ‘तुमच्या धर्मात जात नाही म्हणता, मग सवलत कशाला?’ यावर चर्चचे पुढारी गडबडतात, कारण सरकारपुढे जात आहे म्हणायचे आणि मंडळीत नाही म्हणायचे, अशी त्यांची कसरत चालते. माझे उत्तर सरळ आहे. शुभवर्तमानात जात नाही, चर्चमध्ये आहे, आणि म्हणून तिच्याशी दोन्हीकडे लढायचे. हे कबूल केल्याने आपली मागणी दुबळी होत नाही. उलट ती खरी ठरते.

मित्रमैत्रिणींनो, आपण घरातले पहिले शिकलेले. आपल्यातले काही पाळक होतील, काही मिशनच्या शाळांत आणि दवाखान्यांत नोकरी करतील. तिथे प्रार्थना किती वेळ चालते हे मोजू नका. ट्रस्टवर कोण आहे, नोकरभरतीची यादी कोण करते, प्रभुभोजनाचा प्याला कोणाच्या हातात आहे, दफनभूमीत जागा कोण ठरवते, हे विचारा. आणि पदवीच्या जोरावर आपणच नवे मध्यस्थ होऊ लागलो, तर तोच प्रश्न आपल्यालाही विचारला गेला पाहिजे. मंडळीतली झाडू मारणारी बाई हिशेबाची वही मागू शकते का? ती मागू शकेल आणि तिला ती मिळेल, तिथे मी सेवा चालू आहे असे म्हणेन.