डुकरांचें घर

हें शीर्षक वाचून कित्येक वाचक नाक मुरडतील, हें आम्ही जाणून आहों. तथापि लेख लिहिण्यास एक कारण घडलें. वर्गांत आम्ही 'वडिलांचा व्यवसाय' हा निबंधाचा विषय दिला असतां एका हुशार विद्यार्थ्यानें कोरा कागद आणून दिला. एकांतांत विचारलें तेव्हां तो हळूच म्हणाला, "सर, आमच्या घरीं डुकरें आहेत. मुलें हंसतील." त्या कोऱ्या कागदानें जो विचार करावयास लावला, तो पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें ठेवतों.

आमच्या जालन्यांत डुक्कर म्हटलें कीं कुंडलिकेच्या कांठीं उकिरडा उकरणारें जनावर डोळ्यांपुढें येतें, आणि त्याच्या अंगाची घाण त्याच्या मालकाच्या नांवास चिकटविली जाते. वस्तुतः पुरेशी जागा मिळाल्यास डुक्कर निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन मलविसर्जन करतें. तें चिखलांत लोळतें तें घाणीच्या आवडीनें नव्हे. मनुष्याप्रमाणें घाम येऊन त्याचें अंग निवत नाहीं, म्हणून अंग ओलें करणें एवढाच उपाय त्यास ठाऊक असतो. स्वच्छ पाणी न मिळालें तर तें गटारांत शिरतें. मोकाट फिरून त्यानें मनुष्याची विष्ठा खाल्ली कीं पट्टकृमीचीं अंडीं त्याच्या पोटांत जातात व मांसांत गांठी धरतात. तें मांस अर्धें कच्चें खाणाराच्या आंतड्यांत कृमि वाढतो. त्या कृमीचीं अंडीं अस्वच्छ हातांवाटे पुनः मनुष्याच्या पोटांत गेलीं, तर रोग मेंदूपर्यंत पोहोंचून अपस्माराचे झटके येऊं शकतात. म्हणून डुकरास घर देणें हें गांवास आरोग्य देणें होय.

पण घर कसें असावें? डेन्मार्कसारख्या थंड देशांत वराहगृहें चहूंबाजूंनीं बंद असतात व पंख्यांवर चालतात. तेथें कांहीं ठिकाणीं मळाच्या हौदाखालीं नळ्या घालून त्यांतील ऊब यंत्रानें ओढून घेतात व ती पिलांच्या खोल्यांस पुरवितात. युक्ति स्तुत्य आहे. परंतु तिची हुबेहूब नक्कल येथें उपयोगाची नाहीं. आमच्याकडे वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पूर्ण वाढलेल्या डुकरास २५ अंशांच्या पुढेंच त्रास होऊं लागतो. त्याचें खाणें कमी होतें, मादीचें दूध घटतें. अशा मुलुखांत आधीं उघड्या पत्र्याखालीं जनावर कोंडावयाचें आणि मग पंखे लावून उकाडा हांकलावयाचा, हा उफराटा न्याय झाला. आमचें मत असें कीं, ऊन आंत येऊंच देऊं नये. तरीही जो उकाडा राहील, तेवढ्यासाठींच वीज खर्चावी.

घराची लांबी पूर्वपश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळसंध्याकाळचें तिरपें ऊन अरुंद बाजूंवरच पडतें. लांब बाजूंच्या भिंती कमरेइतक्या असाव्यात, वर जाळी असावी. आढ्याशीं फट ठेवली म्हणजे तापलेली हवा वर निघून जाते. पत्र्यास चुन्याची सफेदी द्यावी व त्याखालीं तुराट्यांचा थर बांधावा. पश्चिमेस कडुनिंब लावावा. कोरड्या हवेंत माठांतील पाणी गार होतें. त्याच नियमानें भर दुपारीं जनावरांच्या अंगावर थोडा वेळ पाण्याचे तुषार सोडावे व मग तें सुकूं द्यावें. फवारा सतत नको. सन २०१२-१३ च्या अवर्षणांत टँकरच्या रांगा पाहिलेल्या जिल्ह्यास पाण्याचें मोल वेगळें सांगावयास नको.

पिलांची गोष्ट मात्र निराळी. नवजात पिलास ३२ ते ३४ अंश ऊब लागते, आणि त्याच्या आईस २० अंशांच्या सुमारास बरें वाटतें. पौषांतील रात्रीं येथें पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. सगळी खोली तापविली तर आई तळमळते व विजेचा खर्च वाढतो. न तापविली तर पिलें उबेसाठीं आईस बिलगतात आणि तिच्या अंगाखालीं चिरडतात. उपाय साधा आहे. कोपऱ्यांत झांकणाची लाकडी पेटी ठेवावी. तिला लहान दार असावें, आंत सोयाबीनचें कोरडें भुसकट घालावें आणि जाळीच्या आड सुरक्षित टांगलेला एक दिवा असावा. पिलांच्या अंगचीच ऊब पेटींत कोंडली जाते. जेथें ऊब हवी तेथेंच ती द्यावी, हें काटकसरीचें सारें शास्त्र या पेटींत आहे.

मळही वायां जाऊं नये. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत सन १८९७ मध्यें मैल्यापासून गॅस निर्माण करण्याची सोय झाली होती. डुकरांच्या मळापासूनही तसाच गॅस होतो. त्यावर चूल चालते, आणि मागें राहिलेला रबडा मोसंबीच्या बागेस खत होतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला शेजाऱ्यांच्या भावनांचा. तो रास्त आहे. म्हणून असें घर वस्तीपासून व विहिरींपासून दूरच असावें. बंदिस्त डुक्कर कोणाच्या दारीं जात नाहीं, हा शेजाऱ्यांचाही लाभच होय. दुसरा आक्षेप खर्चाचा. सन २०२१ मध्यें सुधारलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानांत भांडवली खर्चाच्या निम्मे अनुदान ठेवण्यांत आलें, परंतु तें मोठ्या कळपांसाठीं आखलें गेलें. ज्याच्या दारीं चारपांच माद्या आहेत, त्यास त्याचा काय उपयोग? लहान पाळणाराच्या ऐपतीचें एक नमुन्याचें घर खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रासारख्या संस्थेनें उभारून दाखवावें, अशी आमची सूचना आहे.

विद्यार्थ्यांस आम्ही एक काम सांगतों. सुटींत दुपारीं दोन वाजतां उघड्या पत्र्याखालीं व चुना दिलेल्या पत्र्याखालीं उष्णतामापक धरून आंकडे लिहून आणा. आणि पालकांस विनंति ही कीं, घर बांधण्यास पैसा लागतो, अनुदान लागतें. पण दुसऱ्याच्या बापाच्या धंद्यास हंसूं नये, एवढें मुलांस शिकविण्यास कांहींच लागत नाहीं. तो कोरा कागद आम्ही अद्याप जपून ठेवला आहे. त्यावर निबंध लिहिला जावा अशी आमची इच्छा आहे.