सरासरीत बुडालेले वीस सेकंद

पाच मिनिटांचे सेकंद होतात ३००. समजा, त्यातले २८० सेकंद स्टोरेज सुरळीत चाललं: सेकंदाला वाचन-लेखनाच्या १,००० मागण्या, प्रत्येकीला १ मिलिसेकंद. उरलेले २० सेकंद ते अडखळलं: सेकंदाला ५०० मागण्या, प्रत्येकीला ६० मिलिसेकंद. एकूण मागण्या २ लाख ९० हजार, लागलेला वेळ ८ लाख ८० हजार मिलिसेकंद. भागाकार केला की येतात ३ मिलिसेकंद. महिन्याच्या रिपोर्टात हा ३ जातो, शेजारी हिरवा ठिपका लागतो आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. त्या २० सेकंदांत मात्र कुठल्याही क्षणी ३० मागण्या अडकून पडलेल्या होत्या. ५०० गुणिले ०.०६, इतका सरळ हिशेब आहे हा. त्यामागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध करून ठेवला. एरवी ही संख्या असते फक्त एक.

सरासरीत आणखी एका ठिकाणी पाणी मुरतं. स्टोरेज मंदावलं की त्या सेकंदात कमी मागण्या पूर्ण होतात, म्हणून सरासरीत त्या सेकंदाचं वजनही कमी पडतं. वर धरलेल्या हिशेबात वाईट २० सेकंदांच्या वाट्याला २ लाख ९० हजारांपैकी जेमतेम १० हजार मागण्या येतात. आपण मोजतो मागण्या, आणि माणसं सोसतात सेकंद.

एका सहकारी बँकेच्या महिनाअखेरीला मी हे समोर पाहिलं आहे. काउंटरवरचे स्क्रीन मधूनच थिजत होते. पेन्शन घ्यायला आलेली मंडळी बाकावर बसून होती. आत डेटाबेस सांभाळणारे ४० मिलिसेकंदांचा आलेख दाखवत होते आणि स्टोरेज पुरवणारे त्यांचा २ मिलिसेकंदांचा. दोन तास एकमेकांवर खापर फोडण्यात गेले. खोटं कोणीच बोलत नव्हतं. मागणी सर्व्हरच्या रांगेतून कार्डावर जाते, तिथून केबल आणि स्विच ओलांडून स्टोरेजच्या पोर्टवर पोचते. स्टोरेजचं घड्याळ तिथे, त्याच्या स्वतःच्या दारात सुरू होतं. दाराबाहेर ती किती वेळ ताटकळली हे त्याला ठाऊक नसतं. सर्व्हर आणि स्टोरेजमधल्या दोन मार्गांपैकी एक मार्ग केव्हातरी बंद पडला होता, सगळा भार दुसऱ्यावर आला होता आणि रांग सर्व्हरच्या बाजूला साचत होती. दोन आलेख शेजारी ठेवून वजाबाकी केली असती तर मधले ३८ मिलिसेकंद कुठे गेले, हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत उभा राहिला असता.

लिनक्सवर हे आकडे काढायला काही विकत आणावं लागत नाही. कर्नल प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ राखून ठेवतो: किती रीड पूर्ण झाले, किती सेक्टर वाचले, त्यात किती मिलिसेकंद गेले, तसंच राइटचं. हे विजेच्या मीटरसारखे वाढत जाणारे आकडे आहेत. आताच्या रीडिंगमधून मघाचं वजा करायचं, वेळेच्या फरकाला संख्येच्या फरकाने भागायचं. आयओस्टॅट हे साधन हेच करतं. म्हणूनच त्याने छापलेला पहिला तक्ता यंत्र सुरू झाल्यापासूनच्या सरासरीचा असतो आणि तो सोडून द्यायचा असतो. तक्रारीला जोडलेल्या किती तरी स्क्रीनशॉटमध्ये नेमका तोच तक्ता असतो! सहा महिने चालू असलेल्या सर्व्हरवर तो सहा महिन्यांची सरासरी सांगतो, आणि लोक ती आज सकाळची म्हणून वाचतात.

त्याच तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याने तर पुष्कळ खरेदी करायला लावली असेल. ‘युटिल’ १०० टक्के दिसलं की डिस्क भरली, नवी घ्या, असा निष्कर्ष निघतो. फिरत्या डिस्कपुरतं ते बरंचसं खरं होतं. मिनिटाला ७,२०० फेऱ्या मारणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३३ मिलिसेकंदांची, हवी ती जागा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय डोकं सरकायला वेळ. विखुरलेल्या मागण्या सेकंदाला शंभराच्या आतबाहेर, की ती डिस्क संपली. एसएसडी मात्र एका वेळी अनेक मागण्या हाताळते. प्रत्येक क्षणी एक तरी मागणी चालू होती, एवढंच तो १०० टक्क्यांचा आकडा म्हणतो. आणखी किती झेपेल याबद्दल तो काहीच सांगत नाही. समांतर मागण्या हाताळणाऱ्या यंत्रांची क्षमता या आकड्यातून कळत नाही, असं आयओस्टॅटच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे. ते पान उघडायला दोन मिनिटं लागतात, आणि खरेदीची फाइल महिनोन्‌महिने फिरते.

वीस सेकंद दिसायचे असतील तर ते वेगळे राखावे लागतात. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग डिस्कच्या रॅकसमोर उभे राहून मोठ्याने ओरडले. त्या आवाजाच्या कंपनाने डिस्कचा वेळ वाढला आणि तो त्याच क्षणी आलेखावर उमटला. तो व्हिडिओ अनेकांनी गंमत म्हणून पाहिला. माझ्या लेखी त्यातली मोलाची गोष्ट तो आलेख आहे. त्यात प्रत्येक सेकंद वेगळा होता, आणि त्या सेकंदातल्या जलद आणि संथ मागण्याही वेगवेगळ्या उंचीवर मांडलेल्या होत्या. पाच मिनिटांच्या सरासरीत ती ओरड कुणाला दिसली नसती. आज लिनक्सवर बायोलेटन्सी हे साधन अशी विभागणी फुकट करून देतं. त्यात पुष्कळदा दोन उंचवटे दिसतात, एक कॅशमधून भागलेल्या मागण्यांचा आणि दुसरा प्रत्यक्ष डिस्कपर्यंत गेलेल्यांचा. सरासरी पडते त्या दोहोंमधल्या दरीत, जिथे जवळजवळ कुठलीच मागणी नसते.

माझी मागणी निविदा आणि देखभालीचे करार लिहिणाऱ्यांकडे आहे. ‘सेकंदाला इतक्या लाख मागण्या’ एवढं लिहून थांबू नका. वेळ कुठे मोजायचा, सर्व्हरवर की स्टोरेजच्या पोर्टवर, ते लिहा. किती सेकंदांच्या अंतराने मोजायचा ते लिहा. आणि सरासरीऐवजी शंभरातल्या नव्याण्णव मागण्या किती वेळात पुऱ्या झाल्या पाहिजेत, तो आकडा मागा. देखरेखीच्या बऱ्याच प्रणाली जुने आकडे दाबून त्यांची सरासरी करून ठेवतात. आरआरडीटूलसारख्या साधनात सरासरीबरोबर कमाल आकडाही राखायची सोय आहे, तेवढी तरी सुरू करा.

बारीक आकडे ठेवायला जागा नाही, हे कारण मला नेहमी ऐकवलं जातं. एका डिस्कची एका सेकंदाची ओळ फार तर २०० अक्षरांची. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे सुमारे १७ एमबी. दाबून ठेवली तर त्याहून किती तरी कमी. शेकडो टेराबाइटच्या स्टोरेजमध्ये महिनाअखेरीच्या तीन दिवसांपुरत्या तरी या ओळी ठेवायला घ्या.