पावसाळी जॅकेट आणि घामाचा हिशेब

जुलैच्या सकाळी ठाण्याहून पवईला सायकलने कामावर जाणारा माणूस पार्किंगमध्ये जॅकेट उतरवतो, तेव्हा आतला शर्ट पिळून काढावा इतका ओला असतो. जॅकेट गळले, असा त्याचा समज होतो. पुढच्या जूनमध्ये तो आणखी महागडे जॅकेट आणतो आणि शर्ट पुन्हा तसाच भिजतो. बहुतेक वेळा जॅकेट गळलेले नसतेच. ते पाणी पावसाचे नसून त्याच्याच घामाचे असते.

सायकल चालवताना शरीर बेसुमार तापते. स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेतली जेमतेम वीस-पंचवीस टक्के ऊर्जा पॅडलपर्यंत पोचवतात, बाकीची उष्णता होते. पॅडलवर १०० वॉट हवे असतील, तर ३०० ते ४०० वॉट उष्णता अंगाबाहेर टाकावी लागते. हे काम एकट्या घामावर सोपवले, तर तासाला साधारण अर्धा लिटर घामाची वाफ व्हायला हवी. जॅकेटच्या लेबलावर '१०,०००/१०,०००' असे दोन आकडे असतात. पहिला किती मिलिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सोसते ते सांगतो. दुसरा सांगतो, चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर पडते. भागाकार केला की तासाला चारशे ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे कागदावर तरी गरज जवळपास भागलेली दिसते.

रस्त्यावर ती भागत नाही, कारण लेबल आपल्या हवेत तपासलेले नसते.

१९६९ साली अमेरिकेत बॉब गोअर यांनी पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉन या नावाने ओळखले जाणारे प्लास्टिक, तापवून एका झटक्यात ताणले आणि त्यातून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा मिळाला. गोअर-टेक्स तो हाच. गोअर कंपनीच्या सांगण्यानुसार त्यातले छिद्र पाण्याच्या थेंबाच्या वीस हजार पट लहान आणि वाफेच्या रेणूच्या सातशे पट मोठे असते. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाऊ शकते. पण ती आपोआप जात नाही. आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातला फरक तिला ढकलतो. जॅकेटच्या आत ३० अंशांची, वाफेने पूर्ण भरलेली हवा धरली, तर तिचा बाष्पदाब ४.२ किलोपास्कल होतो. लंडनच्या १० अंशांच्या पावसात बाहेरचा दाब १.१ च्या आसपास असतो, म्हणजे फरक तीनच्या वर. मुंबईत २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना बाहेरच ३.२ असतो. फरक उरतो फक्त एक. हिशेब ढोबळ आहे, पण त्याच जॅकेटमागचा जोर इथे एक तृतीयांशावर येतो हे त्यातून स्पष्ट दिसते. म्हणून युरोपातल्या सायकलस्वारांनी वाखाणलेले जॅकेट कोकणपट्टीत तसेच वागेल, अशी अपेक्षा धरू नये.

दुसऱ्या आकड्याची आणखी एक अडचण आहे. वाफ मोजण्याच्या पद्धती अनेक आहेत आणि एकाच कापडाला त्या वेगवेगळे आकडे देतात. कोणत्या पद्धतीने मोजले ते लेबलावर क्वचितच छापतात. त्यापेक्षा 'आरईटी' हा आकडा दिला असेल तर तो पाहावा. हा वाफेला होणाऱ्या विरोधाचा आकडा असल्याने जितका कमी तितका चांगला: सहाच्या खाली उत्तम, वीसच्या वर गेला की जोरात सायकल चालवणाऱ्याने ते जॅकेट परत ठेवावे.

त्यातच बाहेरच्या कापडावरचा पाणी झटकणारा लेप झिजतो. मग थेंब घरंगळत नाहीत, कापड पाणी पिते, पापुद्र्यावर ओला थर बसतो आणि वाफेची वाट जवळजवळ बंद होते. जुने लेप फ्लोरीनयुक्त रसायनांचे होते. ती निसर्गात विघटित होत नाहीत म्हणून उद्योग त्यांपासून दूर जातो आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र नवे लेप पाणी झटकतात, तेल झटकत नाहीत. अंगाचे तेल, साखळीचे वंगण, ट्रकच्या मागून उडणारा काळा चिखल यांनी ते लवकर निकामी होतात. 'धुतले तर खराब होईल' म्हणून जॅकेट वर्षभर न धुणे ही सर्वांत महागात पडणारी काळजी. सौम्य द्रवरूप साबणाने, सॉफ्टनर न घालता, वरचेवर धुवावे. लेबलावर परवानगी असेल तर मंद उष्णता द्यावी, लेप बराचसा पुन्हा जागा होतो.

पूर्ण जलरोधक कापड हवेच, असेही नाही. १७ मार्च २०१३ रोजी इटलीतली मिलान–सान रेमो शर्यत हिमवर्षावात सापडली. टुर्किनो खिंड वगळून स्पर्धकांना बसने पुढे न्यावे लागले. त्या दिवशी अनेक व्यावसायिक सायकलपटूंच्या अंगात कॅस्टेली कंपनीचा 'गाब्बा' हा सायकलचा शर्ट होता. त्यांतल्या काहींचे करार दुसऱ्या कंपन्यांशी असल्याने त्यांनी बोधचिन्ह काळे केले होते. गाब्बा पूर्ण जलरोधक नाही. तो अंगाला घट्ट बसतो, वारा अडवतो, पाणी बऱ्यापैकी झटकतो आणि वाफ सोडतो. ज्यांना कोणतेही कापड मिळू शकत होते, त्यांनी थोडे भिजणे पत्करले.

मुंबई, ठाणे, रत्नागिरी, पणजी इथल्या रोजच्या सायकलस्वाराने तर हे बिनदिक्कत पत्करावे. इथे पाऊस कोमट असतो. पाऊण तासाच्या प्रवासासाठी दहा हजार रुपयांचे जॅकेट घेण्यापेक्षा झटपट सुकणारा पॉलिस्टरचा पातळ शर्ट, त्यावर काखेत झिप आणि पाठीवर झाकलेली झरोक्याची फट असलेले साधे जॅकेट, आणि कोरडे कपडे ठेवायला तोंड गुंडाळून बंद होणारी जलरोधक पिशवी घ्यावी. सुती कपडा मात्र आत घालू नये. तो पाणी धरून ठेवतो. आणि दोन्ही चाकांना लांब मडगार्ड बसवावेत. पाठीवर आणि बुटांत जाणारे घाण पाणी आभाळातून कमी आणि चाकावरून जास्त येते.

घाटमाथ्यावर गणित उलटते. महाबळेश्वरला जुलैत पारा विशीच्या खाली उतरतो, पाऊस आडवा येतो. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना पॅडल थांबलेले, अंग भिजलेले आणि वारा समोरून. चढताना तापलेले शरीर पंधरा मिनिटांत कुडकुडते, बोटे ब्रेकवर बधिर होतात. तिथे शिवणींवर आतून पट्टी लावलेले पापुद्र्याचे जॅकेट पैसे वसूल करते. चढताना ते पिशवीत, उतरायच्या आधी अंगात. ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, निघून रात्रभर पावसात चालवणाऱ्यांनी तर आत लोकरीचा पातळ थर घालावा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल शोषूनही ऊब देते. घोंगडी पांघरणाऱ्या धनगराला हे कुणी शिकवावे लागले नाही.

भातलावणीच्या वेळी कोकणात वापरले जाणारे इरलेही याच जाणतेपणातून आले आहे. बांबूच्या कामट्या आणि पानांचे ते छप्पर डोके आणि पाठ झाकते, पुढून-खालून उघडे राहते. वाफ कापडातून न जाता हवेबरोबर निघून जाते. युरोपातली सायकलची केप याच तत्त्वावर चालते. मग भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीला सायकलने जाणाऱ्या कामगाराला बाजारात फक्त बंद गळ्याचा, घामाने चिकटणारा पीव्हीसी रेनकोट का मिळावा? केपला महागडा पापुद्रा लागत नाही. मागून लांब, पुढे हँडलवर अडकवायला अंगठ्याचे फास, वाऱ्याने फुगू नये म्हणून कमरेला आतून पट्टा, मानेबरोबर वळणारी टोपी, भडक पिवळा रंग आणि मागच्या दिव्याच्या वर राहणारी परावर्तक पट्टी, एवढे इथल्या कोणत्याही रेनकोटच्या कारखान्यात शिवता येईल.