गोळी गिळल्यावर पुढें काय?

“उपाशीं पोटीं घ्या, दुधाबरोबर घेऊं नका, असें डॉक्टर सांगतात, त्यांत कांहीं शास्त्र आहे कीं ती नुसती रीत?” असें एका भगिनींनीं पत्रानें विचारलें आहे. मी वैद्य नव्हे; परंतु या बाबतींत मजकडूनच घरांत एक चूक घडली असल्यानें तीच प्रथम निवेदन करतों.

आमच्या सौभाग्यवतींस थायरॉईडचा विकार कित्येक वर्षांचा आहे. लेव्होथायरॉक्सिनची बारीक गोळी पहांटे घेतली कीं प्रकृति ठीक असे. पुढें न्हाणीघरांत पाय घसरून मनगट मोडलें, तेव्हां कॅल्शियमची गोळी सुरू झाली व अशक्तपणासाठीं लोहाचीही. मला जन्मभर हजेरीपट राखण्याची संवय! मीं खणांची एक डबी आणली आणि रोज सकाळीं सातांस तिन्ही गोळ्या कपभर दुधाबरोबर एकदम देऊं लागलों. “अहो, एकदांच गिळल्या म्हणजे सुटलें,” असें म्हणून तीही माझ्या टापटिपीचें कौतुक करी.

तीनचार महिन्यांत तिचा आवाज घोगरा झाला, पाय सुजले, भर वैशाखांत शाल लागूं लागली. देवापुढें स्तोत्र म्हणतां म्हणतां ती मध्येंच चरण विसरे. हें म्हातारपणचें विस्मरण तर नव्हे, या शंकेनें मी मनांतून हादरलों. रक्त तपासलें, गोळी वाढविली. तरी गुण नाहीं. शेवटीं डॉक्टरांनीं ती डबी मागून घेतली, उघडली, आणि विचारलें, “मास्तर, ही व्यवस्था कोणाची?”

औषध पोटांत गेलें म्हणजे अंगांत गेलें, अशी आपली समजूत असते. वास्तविक गिळलेली वस्तु एका लांब नळींत असते; बहुतेक औषधें रक्तांत शिरतात तीं लहान आंतड्याच्या भिंतींतून. जठरांत गोळी विरघळते, पण तेथें शोषण थोडेंच. हें आंतडें सुमारें 6 मीटर लांब. आंतून घड्या, घड्यांवर बोटांसारखे सूक्ष्म अंकुर, आणि अंकुरांच्या प्रत्येक पेशीवर त्याहूनही सूक्ष्म केस. हें सर्व पसरलें तर टेनिसचें मैदान भरेल, असें पुस्तकांतून सांगत. 2014 सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं नव्यानें मापें घेतलीं तेव्हां तें सुमारें 30 चौरस मीटर भरलें. म्हणजे दहा फुटी चौरस अशा तीन खोल्या. तरी थोडें नव्हे.

या भिंतीपाशीं औषध मोकळें पोंचलें पाहिजे. थायरॉईडची गोळी उत्तम स्थितींतही शेंकडा 40 ते 80 इतकीच शोषली जाते. कॅल्शियम किंवा लोह सोबत असलें कीं तें तिला आंतड्यांतच बांधून ठेवतें, आणि ती मळावाटें निघून जाते. दूध आणि कॉफीही तिच्या वाटेंत येतात. म्हणून न्याहारीपूर्वीं अर्धा ते एक तास ती नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि कॅल्शियम व लोह यांपासून चार तास दूर ठेवावी. या औषधाचा साठा शरीरांत निम्मा होण्यास सुमारें आठवडा लागतो. त्यामुळें आजची चूक आज दिसत नाहीं. मी बेसावध राहिलों तो असा.

टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन यांचेंही दुधाशीं असेंच वांकडें. लोहाच्या गोळीवर चहा घेतला तर लोह कमी शोषलें जातें. लिंबू मात्र त्यास साह्य करतें. पण सर्वच औषधांस उपाशीं पोट मानवतें असें नाहीं. गजकर्णावरील ग्रिसिओफुल्विन स्निग्ध जेवणाबरोबर अधिक शोषलें जातें. कांहीं गोळ्यांवर जठरांतील आम्लापासून रक्षणार्थ कवच असतें. त्या खलांत घोटून मधांतून चाटविणें म्हणजे तें कवच फोडणेंच होय.

उलट प्रकारही आहे. कॅनडांतील लंडन शहरीं रक्तदाबावरील फेलोडिपिन व मद्य यांचा एकत्र परिणाम तपासतांना मद्याची चव झांकण्यास ग्रेपफ्रूट या फळाचा रस दिला, तों रक्तांत औषध अपेक्षेहून पुष्कळ चढलें. हें 1989 मध्यें प्रसिद्ध झालें. आंतड्याच्या भिंतींतील एक पाचकद्रव्य औषधाचा बराच भाग वाटेंतच नष्ट करतें. तो रस त्या द्रव्यासच निकामी करतो. आपलें पपनस त्याच कुळांतलें, आणि तेच गुण त्यांतही आहेत. फेलोडिपिन किंवा सिम्व्हास्टॅटिन घेणारांनीं कोंकणांतून आलेलें पपनस सोलण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत औषध घेण्याचे दहा काळ दिले आहेत. त्यांत पहिला ‘अभक्त’, म्हणजे अन्नाशिवाय. विद्यार्थिदशेंत मीं ते दहाही पाठ केले होते. सात वाजतां दूध ओततांना एकही आठवला नाहीं!

आतां पहांटे साडेपांचास ती गोळी, चहा तासाभरानें, लोह दुपारीं लिंबाबरोबर, कॅल्शियम रात्रीं जेवल्यावर. दोन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासलें. वाढविलेली मात्रा डॉक्टरांनीं उतरविली. (ती आपली आपण उतरवूं नये.) स्तोत्र आतां अखंड चालतें, आणि मी कोठें चुकलों तर आंतून दुरुस्तीही येते. डबी मीं सुपारीसाठीं घेतली आहे.