कित्त्याची पहिली ओळ

या वेळीं आमच्या लेखाचा विषय गोल्फ हा आहे, तेव्हां वाचकांनीं प्रथम हंसून घ्यावें. आमचा नातू पुण्यास नोकरी करतो. तेथें त्यास या खेळाचा नाद लागला. घरूनच काम करण्याची मुभा मिळाल्यानें गेल्या दिवाळींत तो महिनाभर न्हावऱ्यास राहिला, व रोज सकाळीं उंसाशेजारच्या पडीक रानांत शंभर चेंडू एकटाच मारूं लागला. परंतु चेंडू उजवीकडे वळून उंसांत शिरे, आणि हें वळण दिवसेंदिवस वाढतच चाललें.

"आजोबा, काय करूं?" असें त्यानें विचारलें. जन्मभर मुलांस जें सांगितलें तेंच आम्हीं सांगितलें : "अधिक मेहनत कर." त्यानें दीडशें मारले. तिसऱ्या दिवशीं कंबर धरली, व "मला हें जमायचें नाहीं" म्हणून त्यानें पिशवी माळ्यावर टाकली.

त्या रात्रीं आम्हांस आमचा एक जुना विद्यार्थी आठवला. कित्त्याच्या पानावर पहिली ओळ छापील असते. प्रत्येक ओळ लिहितांना तिच्याकडे पाहावयाचें असतें. हा मुलगा मात्र लगतच्या आपल्याच ओळीकडे पाही. पहिल्या ओळींत किंचित् बिघडलेला 'श्र' दहाव्या ओळींत ओळखूं येईनासा होई. आम्ही पान नीट न पाहतां "आणखी दोन पानें लिही" म्हणत असूं. वर्षअखेर त्यानें शाळा सोडली. दोष त्याच्या हाताचा नव्हता, आमच्या डोळ्यांचा होता.

'अभ्यास' या शब्दांतील 'अभि' म्हणजे समोर, व 'अस्' म्हणजे फेकणें. समोर लक्ष्य नसेल तर तो अभ्यास नव्हे, नुसती आवृत्ति होय. आणि आवृत्तीनें गुणाप्रमाणें दोषही दृढ होतो.

नातवाचें नेमकें हेंच झालें होतें. काठी व चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारें दोन हजाराव्या भागापुरताच टिकतो. तेवढ्यांत हात सुधारतां येत नाहीं. काठी ज्या मार्गानें येते त्याच दिशेनें चेंडू निघतो, असें पूर्वीं पुष्कळ ठिकाणीं शिकवीत. रडार व वेगवान् कॅमेरे यांच्या मोजमापांनीं आतां ठरलें आहे कीं, चेंडू मुख्यतः काठीच्या तोंडाच्या दिशेनें निघतो, व तोंड आणि मार्ग यांच्या दिशा भिन्न असल्यास वळतो. चेंडू उजवीकडे वळतो म्हणून आमचा नातू अधिकाधिक डावीकडे वळून उभा राही. त्यानें काठीचा मार्ग आणखी डावीकडे जाई व वळण वाढे. म्हणजे उपायच रोगास पोशीत होता!

अमेरिकेच्या बेन होगनचा चेंडू याच्या उलट, डावीकडे वळे. त्यानें वर्षानुवर्षें एकट्यानें सराव करून तो दोष घालविला. १९४९ सालीं मोटार-अपघातांत जबर जखमी होऊनही १९५० सालीं अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. एकट्यानें शिकणें अशक्य नाहीं. परंतु चेंडूची साक्ष वाचतां आली पाहिजे.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं नातवाजवळ आमची चूक कबूल केली, व पिशवी खालीं काढविली. कंबर बरी झाल्यावर लक्ष्याच्या रोखानें दोन सरळ ऊंस जमिनीवर मांडले. त्यांच्याशीं समांतर पाय ठेवून त्यानें रोज दहाच चेंडू मारावयाचे, आणि प्रत्येक चेंडू कोठें निघाला, कोठें वळला, हें आम्ही बाजेवर बसून वहींत टिपावयाचें, असें ठरलें. तो पुण्यास परतला त्या सकाळीं दहांपैकीं चार चेंडू सरळ गेले. सहा अर्थात् उंसांत गेले; पण त्याचें कारण त्यानें स्वतःच सांगितलें.

आपल्या घरींही कोणी मूल पाढे, पेटी किंवा अक्षर घोटीत बसलें असेल. त्यास "आणखी कर" म्हणण्यापूर्वीं तें कोणत्या ओळीकडे पाहत आहे, एवढें वडील मंडळींनीं एकदां वांकून पाहावें.