हरलेल्या सामन्याची समीक्षा

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचे सामने झाले. उपांत्य सामन्यात शेवटची चार-पाच मिनिटे उरली असताना आमचा संघ तीन गुणांनी पुढे होता. नेमक्या त्या वेळी आमच्या क्रीडा संचालकांनी संघातला सर्वांत भरवशाचा चढाईपटू बाहेर बसवला आणि डाव्या कोपऱ्यात एका नव्या मुलाला उतरवले. पुढे काय झाले असेल याची कल्पना वाचकांना आलीच असेल. नव्या मुलाने घाईने घोट्याची पकड टाकली, ती सुटली, एका चढाईत दोन गडी गेले, पाठोपाठ प्रतिस्पर्ध्यांनी लोण चढवला आणि सामना चार गुणांनी हातचा गेला.

मैदान पुरते रिकामे व्हायच्या आतच चर्चा सुरू झाली. ती फाटकातून रस्त्यावर आली, आणि तिथून बसस्थानकासमोरच्या हॉटेलात जाऊन बसली. माजी खेळाडू, आजी विद्यार्थी, दोन-तीन प्राध्यापक, मोंढ्यातले एक आडत दुकानदार अशी ती बैठक होती. माजलगावसारख्या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाचा संघ हरणे ही केवळ महाविद्यालयाची बाब राहत नाही. मी स्वतः त्या बैठकीत होतो आणि गप्प नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. प्रस्तुत लेख त्या अपराधाच्या जाणिवेतून लिहिला आहे असे कोणी म्हटले, तर मी ते नाकारणार नाही.

पहिला अर्धा तास ती चर्चा इतकी नेटकी झाली की आमच्या विभागाच्या चर्चासत्रांनी तिच्याकडून काही शिकावे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या एका गृहस्थांनी टेबलावरचे पाण्याचे पेले मांडून सारा डाव उभा केला. त्यांचा मुद्दा असा होता : क्रिकेटमध्ये एक डाव संपला की दुसरा सुरू होतो, कबड्डीत तसे नसते. चढाई आलटून पालटून करावीच लागते, त्यामुळे ‘आता फक्त बचाव करू’ असे म्हणण्याची सोय या खेळात नाही. आघाडी राखायची म्हणून दोन चढाया रिकाम्या काढता येतात, पण तिसरी ‘करो या मरो’ असते. त्या तीस सेकंदांत गुण आणला नाही तर चढाईपटूच बाद. मग ती तिसरी चढाई करायला माणूस कोण ठेवला होता? मुख्य चढाईपटू तर बाकावर बसलेला! ‘सरनं दोन चढायांचा हिशेब केला, तिसरीचा केलाच नाही,’ असे म्हणून त्यांनी एक पेला उपडा घातला.

त्यावर दुसऱ्या एकाचे म्हणणे पडले की त्या चढाईपटूची उत्तरार्धात तीनदा पकड झाली होती, तो दमला होता. आणि दमलेला हुकमी चढाईपटू सापडला की समोरच्याला गुण मिळतो तो मिळतोच, शिवाय आपल्या पोरांचा जीवही खचतो. बाक हीच त्या घडीला त्याची जागा होती. दोन्ही बाजूंना मैदानावरचा पुरावा होता. प्रत्येक जण आपण पाहिलेल्या चढाईचा हवाला देत होता, आणि दुसऱ्याने वेगळी चढाई आठवून दिली की क्षणभर थांबतही होता. साहित्याच्या वर्गात आम्ही ज्याला संहितेशी प्रामाणिक राहणे म्हणतो, ते याहून काय वेगळे असते?

मग कोणीतरी म्हणाले, ‘ते समदं राहू द्या. सरनं त्या पोराला कामून उतरवला, ते मला इचारा.’

इथून चर्चेची दिशा बदलली. नवा मुलगा कोणाच्या ओळखीतला, कोणत्या गावचा, कोणत्या आडनावाचा, संचालकांचे आणि त्याच्या घरच्यांचे काय संबंध, याचे तर्क सुरू झाले. त्यानंतर तिसऱ्या चढाईचे नाव कोणी काढले नाही. पेले उचलून पोऱ्याने टेबल पुसले. ‘निर्णय चुकला’ या वाक्यापासून ‘हेतू वाईट होता’ या वाक्यापर्यंत यायला आम्हाला दोन कप चहासुद्धा लागला नाही. कलाकृतीचे मोल लेखकाच्या हेतूवरून ठरवू नये, कवितेतला ‘मी’ म्हणजे कवी नव्हे, असे आम्ही एम. ए.च्या वर्गात दर वर्षी शिकवतो, प्रश्नपत्रिकेत विचारतो, उत्तरे तपासतो. त्या संध्याकाळी मात्र मी ‘काहीतरी असल्याशिवाय लोक बोलणार नाहीत’ असे एक वाक्य त्या चर्चेत टाकले. मराठीच्या प्राध्यापकाने टाकलेले वाक्य म्हणून त्याला जरा वजनही आले.

उठता उठता आडत दुकानदार म्हणाले, ‘पानिपत केलं सरनं.’ आपल्या भाषेत दारुण पराभवाला हाच शब्द आहे आणि वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर तो सर्रास दिसतो. घरी जाताना मला वाटले की हरल्यानंतर सेनापतीच्या निर्णयांचा खल करण्यात मराठी माणसाएवढा मुरलेला माणूस दुसरा नसेल. १४ जानेवारी १७६१ची लढाई आपण अडीचशेहून अधिक वर्षे पुन्हा पुन्हा लढतो आहोत. भाऊंनी यात्रेकरू आणि कुटुंबकबिला बरोबर का नेला? सूरजमल जाटाचा सल्ला का मानला नाही? गनिमी कावा सोडून इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर का विसंबले? आणि विश्वासराव पडल्यावर हत्तीवरून उतरून घोड्यावर का बसले? रिकामी अंबारी पाहून फौजेने धीर सोडला असे म्हणतात. हा शेवटचा प्रश्न मला आमच्या त्या बाकावर बसवलेल्या चढाईपटूचा सख्खा भाऊ वाटतो. दोन्ही निर्णय ऐन घाईतले आहेत, आणि दोहोंचा अर्थ पुढे जे घडले त्यावरून मागाहून ठरला आहे. लढाई जिंकली असती तर भाऊ हत्तीवरून उतरले ही शौर्याची कथा झाली असती.

या प्रश्नांना दीर्घकाळ एकच सोपे उत्तर पुरत आले : भाऊंचा स्वभाव. हट्टी, मानी, कोणाचे न ऐकणारा. बखरींना हे उत्तर मानवते, कारण बखरीला माणसे हवी असतात. धान्याचे भाव नको असतात. त्र्यं. शं. शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना भाऊंना असे एका विशेषणात निकालात काढले नाही. पैसा कुठून येणार होता, रसद कोणत्या वाटेने येणार होती, उत्तरेतले कोण मित्र होते आणि कोण का दुरावले, नद्या आणि वाटा कशा होत्या, हे त्यांनी पाहिले. त्यांचे सगळे निष्कर्ष आज मान्य व्हावेत असे नाही. पण ‘भाऊ कसे होते’ या प्रश्नाच्या आधी ‘भाऊंच्या हाती काय होते’ हा प्रश्न येतो, ही शिस्त त्यांच्या लेखनातून मिळते. विश्वास पाटलांच्या १९८८च्या कादंबरीने भाऊंना सामान्य वाचकाची सहानुभूती मिळवून दिली, तीही त्या माणसाभोवती आवळत गेलेली उपासमार दाखवूनच.

कबड्डीकडे परत येतो. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून १८-२७ असा हरला. १९९०पासून सलग सात सुवर्णपदके मिळवलेला हा संघ होता. दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिला संघही अंतिम सामन्यात इराणकडूनच २४-२७ असा हरला. त्या इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आमच्या स्टाफरूममध्ये त्या आठवड्यात दोन तट पडले होते. एका सहकाऱ्याला मराठी बाईने इराणला घडवले याचा अभिमान, तर दुसऱ्याला आपल्याच माणसाने आपल्याला हरवले याचा राग. इराणचा बचाव कसा रचला होता, आपले चढाईपटू कुठे अडकत होते, याबद्दल कोणीच बोलले नाही. म्हणजे खेळ बाजूला राहिला आणि निष्ठेची चौकशी सुरू झाली. बाईंनी आपले काम चोख केले होते. तेवढेच आम्हाला खटकत होते.

याची दुसरी बाजू ७ ऑक्टोबर २०२३ला दिसली. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत दोन्ही सुवर्णपदके परत आली. महिलांनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवले, म्हणजे एका गुणाने. तो एक गुण इकडचा तिकडे झाला असता तर कोणाला का खेळवले आणि कोणाला का बसवले यावर महिनाभर खल झाला असता. जिंकल्यामुळे तो झाला नाही. वास्तविक त्या सामन्यातही चुकीचे निर्णय झालेच असतील, आणि ते शोधण्यात कोणाला रस नव्हता. विजयाची समीक्षा आपण करत नाही. त्याचा केवळ सत्कार करतो. त्यामुळे आपल्याजवळ जी काही समीक्षा आहे ती सगळी पराभवाच्या दिवशी, रागाच्या भरात जन्मलेली असते.

आमच्या सामन्याकडे याच शिस्तीने पाहायचे तर पहिला प्रश्न असा हवा होता : त्या दिवशी संचालकांच्या हाती काय होते? कबड्डीच्या संघात मैदानावर सात आणि राखीव पाच अशी बारा नावे असतात. बीड जिल्ह्यात दिवाळीनंतरचे महिने कसले असतात हे इथे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. मुकादमाची उचल घेतलेली घरे कोयता घेऊन निघतात, सांगली-कोल्हापूरकडे, पुण्याकडे, कर्नाटकात. शाळकरी मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृहांची चर्चा तरी होते. महाविद्यालयातला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मात्र घरच्यांच्या हिशेबात पुरता कामाचा गडी असतो. माझ्या द्वितीय वर्षाच्या वर्गात तेव्हा मागची दोन बाके रिकामी होतात आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी थोडी भरतात. संघाचा नेहमीचा डावा कोपरारक्षक त्याच बाकावर बसणारा. तो सामन्याच्या दिवशी कोणत्या तरी फडात मोळ्या बांधत होता. बारा नावांच्या कागदावर तो होता, मैदानावर नव्हता. बसस्थानकासमोर आम्ही जी चर्चा केली ती कागदावरच्या संघाची होती.

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉल संघांभोवती असाच वाद पेटतो, आणि तिथे त्याला निदान एक व्यावहारिक आधार असतो. तिकडच्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगाराचा सरकारी नोकर म्हणजे विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. एवढा पैसा घेणाऱ्याला जाब विचारावा, हे समजू शकते. आमचे संचालक मैदान आखतात, चुना स्वतः आणतात, प्रवेशाच्या दिवसांत अर्ज तपासतात, परीक्षेच्या काळात पर्यवेक्षण करतात, आणि उरलेल्या वेळात प्रशिक्षक असतात.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग लोकांनी बोलूच नये. प्राध्यापक मंडळींत हे मत बरेच लोकप्रिय आहे : ज्याने कधी चढाई केली नाही त्याने चढाईवर बोलू नये. मला ते मुळीच पटत नाही. कविता न लिहिणाऱ्याने कवितेवर बोलू नये, असे म्हटले तर आमचा विभाग उद्याच बंद करावा लागेल. उलट पेले मांडणाऱ्या त्या गृहस्थांसारखी माणसे गावागावांत आहेत म्हणून खेळाला स्मृती आहे. त्यांनी बोललेच पाहिजे, प्रशिक्षकासमोर बोलले पाहिजे, आणि प्रशिक्षकाने ते ऐकले पाहिजे. माझी हरकत फक्त त्या एका वळणाला आहे, जिथे पुरावा मागणारी भाषा संपते आणि कुजबुज सुरू होते. आडनावावरून निघालेला तर्क खोडून काढता येत नाही, कारण तो मैदानावरच्या कुठल्याही गोष्टीवर उभा नसतो.

आठवडाभराने मी संचालकांना विचारले. ते मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून चटयांची मोजदाद करत होते. ‘कोपरा रिकामा होता, म्हणून त्या पोराला घेतलं,’ ते म्हणाले. ‘दुसरं कोण होतं?’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘पण सर, खरं सांगू का, तिसरी चढाई माझ्या डोक्यातून निसटली. त्याला दोन मिनिटं बसवून परत आत घ्यायचा होता. राहून गेलं.’ म्हणजे उपडा घातलेला तो पेला बरोबर होता. मी त्यांना म्हणालो की हे तुम्ही चार लोकांत सांगायला हवे होते. त्यांनी चटया मोजणे थांबवले नाही. ‘कोणी इचारलंच नाही मला,’ ते म्हणाले.

तो नवा मुलगा माझ्याच वर्गातला. सामन्यानंतर तो तीन आठवडे वर्गात आला नाही. आला तेव्हा खिडकीजवळची आपली जागा सोडून दाराशी बसला. त्याच्याबद्दल त्या हॉटेलात जे बोलले गेले ते त्याच्यापर्यंत पोहोचले असणार. पुढे मला कळले की त्याचे आणि संचालकांचे दूरचेही नाते नव्हते. माझे ते एक वाक्य त्याच्यापर्यंत पोहोचले की नाही, हे मी त्याला विचारू शकलेलो नाही.

यंदा निवड चाचणीची सूचना लागली आहे. नावे द्यायची मुदत शनिवारपर्यंत आहे. संचालकांनी मला मुद्दाम बोलावून सांगितले की त्याला म्हणावे, नाव दे. पाय चांगला आहे त्याचा, घाई तेवढी कमी करायची आहे. मी तास संपल्यावर त्याला थांबवून निरोप दिला. त्याने वही पिशवीत घातली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, ‘बघतो, सर. उसाचं काय ठरतंय घरी, ते बघून सांगतो.’